प्लेगच्या पत्र्याखाली आम्ही तिघी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. तीन बायका, एक खोली आणि बाहेर प्लेग, एवढं असलं की ते आपोआप साठतात, वॉर्डातल्या मळक्या चादरींसारखे. आज सगळ्या धुवून वाळत घातल्या म्हणावं, तर उद्या सकाळी पुन्हा तेवढाच ढीग!

लोक मला अजून विचारतात, "प्लेगात काम केलंत, भीती नाही वाटली?" वाटली ना! पण भीती वाटायलासुद्धा फुरसत लागते, आणि ड्यूटी बारा तासांची होती.

त्या वर्षांत सोलापुरात थंडी पडली की प्लेग यायचा, हक्काच्या पाहुण्यासारखा. घरात उंदीर मरून पडला की लोक कुलूप लावून गावाबाहेर शेतात झोपड्या घालायचे. आमचं हॉस्पिटलही त्यांच्यामागून माळावर यायचं. हॉस्पिटल म्हणजे पत्र्याची चार छपरं. शेवटच्या छपराच्या टोकाला एक खोली, तिच्यात आम्ही तिघी नर्सा. मी, बार्शीची मथू आणि मिशनमध्ये वाढलेली सालोमी. मथूच्या तोंडाला लगाम नव्हता. सालोमी भारी देवभक्त. मी मधली, म्हणजे मथूबरोबर हसायचं आणि मग सालोमीबरोबर देवाची माफी मागायची.

* * *

आमच्या मेट्रनबाई गोऱ्या. मनानं चांगल्या, पण मराठी पुस्तकातून शिकलेल्या, आणि बहुतेक त्या पुस्तकाची काही पानं फाटलेली असावीत.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं. पहाटे सगळ्यांनी एकत्र जमायचं, असं त्यांना सांगायचं होतं. "सगळ्या इथे मिळाल्या पाहिजेत" असं वाक्य त्यांनी पाठ करून आणलं होतं. पण ऐन वेळी जीभ वळली नाही. छडी आपटून त्या कडाडल्या, "उद्या सकाळी सहा वाजता तुम्ही सगळ्या मेल्या पाहिजेत!"

प्लेगच्या वॉर्डात उभं राहून!

तेवढ्यात मागून मथू अदबीनं म्हणाली, "बाई, सहाला कशाला? नाष्टा तरी होऊ द्या की!"

* * *

युनिफॉर्मचा एक फायदा मात्र होता. पांढरं लुगडं, डोक्याला पांढरा रुमाल. ही मूर्ती दिसली की गर्दी दुभंगायची.

संक्रांतीच्या आधी मथूला लुगडं घ्यायचं होतं. आम्ही दोघी ड्यूटीवरूनच नव्या पेठेत गेलो. साथ जरा उतरली होती, दुकानं उघडली होती, आणि बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही पेठेच्या तोंडाशी पोचलो मात्र, कुणीतरी ओरडलं, "प्लेगच्या बाया आल्या!" समोर सगळा रस्ता मोकळा. राणीसाहेबांची स्वारी निघावी तशा आम्ही मधून चाललो.

दुकानदार गादीवरून उठून मागच्या भिंतीला चिकटला. मथूनं लांबूनच बोट दाखवलं. त्यानं गठ्ठ्यातून लुगडं ओढलं आणि आमच्याकडे फेकलं.

मथूनं ते उलगडलं, काठ बघितला, उजेडात धरलं. "रंग जाईल का हो?"

"न्हाई जात."

"आणि गेला तर?"

दुकानदारानं हात जोडले. "तर दुसरं लुगडं देतो, तिसरं देतो, माणूस पाठवून घरपोच देतो. पण बाई, तुमी माघारी येऊ नका!"

* * *

आमच्या खोलीचं छप्पर दुपारी तव्यासारखं तापायचं आणि पहाटे त्यातून दव गळायचं. डॉक्टरांच्या बंगल्याच्या आवारात दोन चांगल्या खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. आम्ही तीन अर्ज केले. तिन्ही अर्जांवर एकच शेरा : विचार चालू आहे.

मथू म्हणाली, "विचाराला जरा ढकलू या की."

नियम असा होता, की ज्या जागेत मेलेला उंदीर सापडेल ती जागा ताबडतोब रिकामी करायची. प्लेगच्या उंदराला हात लावण्याइतक्या आम्ही वेड्या नव्हतो. पण स्वयंपाकघराच्या मांजरानं आमच्यासमोर एक घूस-वजा उंदीर मारला, आणि मथूला जणू साक्षात्कार झाला. दोऱ्याचा फास करून तिनं तो लांबूनच ओढत आणला आणि खोलीच्या मधोमध ठेवला. मग आम्ही तिघी बाहेर येऊन किंचाळलो. सालोमीनंसुद्धा. पाप नको म्हणून ती फक्त "अगं बाई!" एवढंच किंचाळली.

उंदीर तपासायला म्युनिसिपालिटीचा मुकादम यायचा. पागोटंवाला, जाड मिश्यांचा, कधी न हसणारा माणूस. तो उकिडवा बसला. काठीनं उंदीर उलटा केला, सुलटा केला. बराच वेळ बघितलं. मग मान वर न करता म्हणाला, "बाई, लई वर्सं झाली ह्या कामाला. पर शेपटीला दोरा बांदून मेलेला उंदीर आज पयल्यांदा बघतोय."

आमचे चेहरे पडले.

मुकादमानं वर पत्र्याकडे बघितलं. आमच्या अंथरुणांकडे बघितलं, ती दवानं ओली होती. मग कमरेचा चाकू काढला, दोरा कापला, गुंडाळी करून खिशात घातला, आणि रिपोर्ट लिहिला : नर्सांच्या खोलीत मेलेला उंदीर सापडला. जागा रिकामी करावी.

जाताना म्हणाला, "पुडच्या टायमाला गाठ सैल मारा."

* * *

वॉर्डात चार भाषा चालायच्या. विणकरांची तेलुगू, गावातल्या मुसलमानांची दखनी, अक्कलकोटकडच्या लोकांची कानडी, आणि मराठी. सालोमीला सगळ्या थोड्या थोड्या येत. मथूला बार्शीबाहेरची एकही नाही.

पण हौस! अक्कलकोटकडून बैलगाड्यांतून रोगी यायचे. त्यांचं फाटकाशी गोड बोलून स्वागत करावं, म्हणून तिनं सालोमीकडून दोन शब्द शिकून घेतले. "बर्री" म्हणजे या, "होग्री" म्हणजे जा. आणि दुसऱ्या दिवशी फाटकाशी उभी राहून, दोन्ही हात जोडून, तोंडभर हसून, आलेल्या गाडीला म्हणाली, "होग्री, होग्री!"

गाडीतल्या लोकांचा आनंद काय वर्णावा! प्लेगच्या हॉस्पिटलातून कुणी हसत हसत परत पाठवतंय! त्यांनी बैल वळवलेच. पाठोपाठ आणखी एक गाडी, तिलाही "होग्री!"

दुपारी डॉक्टर रजिस्टर बघून खूष झाले. "सिस्टर, अक्कलकोटकडची एकही केस नाही! साथ ओसरली म्हणायची!" आणि तसं वर कळवायला कागदसुद्धा घेतला.

संध्याकाळच्या आत दोन्ही गाड्या माघारी आल्या. पुढच्या गाडीत आता त्यांना वाटेतून परत वळवणारा, मराठी येणारा एक शेटजी बसला होता. तो फाटकापाशी उतरून तावातावानं म्हणाला, "ह्या बाईला पयलं एक इचारा. आमाला ठेवून घेनार हाय का न्हाय? सकाळी पाया पडून हाकललं, आन् आता पुन्ना तेच म्हनतीय की!"

* * *

सांगोल्याकडचा एक म्हातारा धनगर होता, बिरूआबा. मेंढरं घेऊन चालला असताना वाटेतच तापानं पडला. त्याला कुणाचाच भरवसा नव्हता. सरकारी हॉस्पिटलात औषध पाजून माणसं मारतात, असं त्याला कुणीतरी पक्कं सांगितलं होतं.

प्लेगात हृदय थकतं, म्हणून डॉक्टर थोडी थोडी ब्रँडी द्यायला सांगायचे. त्या दिवशी आबाच्या खाटेवर सालोमीची ड्यूटी. तिनं चमचा पुढे केला. आबानं तोंड फिरवलं. "आदी तू पी."

"मी कशी पिऊ? हे तुमचं औषध आहे."

"मंजे इख हाय! तू पी, मंग मी पितो."

सालोमीनं जन्मात दारूचा वासही घेतला नव्हता. पण म्हाताऱ्याची नाडी बुडत चालली होती. ती वर बघून काहीतरी पुटपुटली, आणि डोळे मिटून तिनं चमचा तोंडात रिकामा केला. मग आबानं आपला चमचा घेतला. असं दर दोन तासांनी. एक चमचा आबाला, एक सालोमीला.

आबा वाचला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर राऊंडला आले, नाडी बघितली, हसून म्हणाले, "काय आबा, नर्सबाई चांगल्या आहेत ना?"

"बाई लई गुनाची हाय," आबा म्हणाला. "पर आज दुसरी कुनीतरी धाडा. कालची दिसभर गात हुती!"

* * *

पुढं त्याच सालोमीला ताप आला.

त्या आठवड्यात वॉर्डातून चालत गेलेल्यांपेक्षा उचलून नेलेले जास्त होते. सकाळी तिला उठवेना. मी कपाळाला हात लावला आणि काही न बोलता तिच्या काखेत बोटं घातली. गाठ होती. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "आहे ना? मग हात धुऊन ये आधी."

आम्ही तिला वॉर्डातच, खिडकीजवळच्या खाटेवर ठेवलं. मथू दोन दिवस एकही शब्द वावगा बोलली नाही. तेव्हाच खरी भीती वाटली मला.

तिसऱ्या दिवशी ऑफिसातून हेडक्लार्कची चिठ्ठी आली. हा गृहस्थ नियमांखेरीज कशावर जगत नसे. आजवर आम्ही रजा मागितली की म्हणायचा, "आजारी पडलात तरच मिळेल." त्यानं शब्द पाळला होता. सालोमीला आजारपणाची रजा मंजूर! पण खाली आणखी एक ओळ होती : रजेवरील नर्सने हॉस्पिटलच्या आवारात राहू नये.

मथू चिठ्ठी घेऊन तडक ऑफिसात गेली. "साहेब, ती पेशंट आहे!"

"असेल. पण नर्सही आहे. आणि रजेवर आहे."

"मग कुठं टाकू तिला? सात रस्त्याच्या चौकात?"

"ते नियमात नाही," तो म्हणाला.

मथू परत आली ती रडतच. सालोमी तापानं फणफणली होती, ओठ फुटले होते, तरी तिनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "रजा परत कर. मला ड्यूटीवर मांड."

"आणि काम काय लिहू?"

"लिही, एका पेशंटवर नजर ठेवून आहे."

मेट्रनबाईंनी त्याच्यावर सही केली. पुढचे तीन आठवडे सालोमी आडवी पडून ड्यूटीवर होती. गाठ फुटली, ताप उतरला, आणि ती स्वतःवर नजर ठेवून ठेवून बरी झाली!

* * *

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

माझं लग्न लहानपणी झालं आणि नवरा लवकर गेला. सासरी मी चार वर्षं तशीच काढली. मग नर्सिंग शिकायला जाते म्हणाले. मामंजी, म्हणजे माझे सासरे, ओटीवर उभे राहून ओरडले होते, "लोकांची ढुंगणं पुसणारी सून आमच्या घरात नको! गेलीस तर पुन्हा ही पायरी चढू नकोस!"

गेले. पुन्हा चढले नाही.

सालोमी बरी झाली त्याच महिन्यात एका टांग्यातून एक म्हातारा रोगी उतरवला. मामंजी! ताप डोक्यात चढलेला, डोळ्यांत मोतीबिंदू. माझ्या तोंडावर मलमलीची पट्टी, डोक्यावर रुमाल. ड्यूटीवर बांगड्या, कुंकू आम्हा कुणालाच नसायचं, त्यामुळे सधवा विधवा सगळ्या सारख्याच. त्यांनी मला ओळखायचा प्रश्नच नव्हता. मी मथूला हळूच सांगितलं. ती म्हणाली, "खाट बदलून घेऊ का?" मी नको म्हटलं.

आणि बघा, मला पहिलं काम काय करावं लागलं? तेच. पुसलं!

आठ दिवस ते शुद्धीत नव्हते. नवव्या दिवशी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न, "पाणी कोण देतंय? जात काय?"

"नर्स," मी म्हटलं.

प्यायले बिचारे.

मग त्यांना बोलायची सवय लागली. मी अंग पुसायला बसले की सुरू. "आमची एक सून होती. डोकं फिरलं, नर्स झाली."

"फार वाईट झालं हो," मी म्हणायची.

"हट्टी. कुणाचं ऐकायची नाही."

"कठीण असतं."

"चहा मात्र पाणचट करायची."

हे मात्र मला झोंबलं. मी जरा जोरातच पाठ घासली. म्हटलं, "आणि सासरा कसा होता तिचा?"

मामंजींनी वर पत्र्याकडे बघितलं. मग म्हणाले, "खाष्ट." आणि कुशीवर वळले.

दुपारी मी त्यांना चहा दिला. मुद्दाम दाट केला. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि सगळा प्यायले.

रोज सकाळी माझा धाकटा दीर विनायक कुंपणाच्या तारेबाहेर लांब उभा राहून ओरडायचा, "अण्णा, कसं आहे?" आत यायची त्याची छाती नव्हती. मी तो दिसला की आत वळायची.

तीन आठवड्यांनी मामंजींना घरी सोडलं. चालताना पाय लटपटत होते, म्हणून मी फाटकापर्यंत आधार दिला. तोंडावर पट्टी होतीच. विनायक टांगा घेऊन आला होता. तो वडिलांचं गाठोडं घेऊन टांग्याशेजारी तसाच उभा राहिला. माझ्या युनिफॉर्मकडे बघून पुढे यावं की मागे सरावं, त्याला कळेना.

मामंजींनी माझ्या खांद्यावरचा हात काढला. काठी टेकली. आणि त्याच्यावर खेकसले, "अरे, खांबासारखा उभा काय राहिलास? वहिनीला नमस्कार कर!"