हिना अत्तर आणि म्हशीची जार

लग्नाच्या मांडवात कुणी अत्तराचा फाया घेऊन आलं, की मी हात पदराखाली लपवते. नाती सांगतात, आजीला ॲलर्जी आहे. असू दे. खरं कारण सांगितलं तर पंगतीत कुणाला घास जायचा नाही. मला हिनाच्या मागोमाग म्हशीच्या कुजलेल्या जारेचा वास येतो. इतकी वर्षं झाली, दोन्ही वास एकमेकांचा हात सोडायला तयार नाहीत.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी नुकतीच गुराढोरांची डॉक्टर झाले होते. दोघांनाही आपण कोण झालो याचा फार ताठा. परभणीला शिकून आलेली, मुदखेडच्या रेल्वे गँगमनची पोर, शिरूर अनंतपाळच्या बाजूला एका पत्र्याच्या दवाखान्यात खुर्चीवर बसायची. आईला मात्र त्या खुर्चीचं काडीचं कौतुक नव्हतं. ती म्हणायची, "तुझ्या आज्यानं दीक्षा घेतली आन् मेलेली ढोरं वढायची सोडली. आन् तू शिकून सवरून जित्त्या ढोरात हात घालून राहिलीस!" मी तिला शास्त्र समजावून सांगायची. ती नाकाला पदर लावून ऐकायची.

त्या दिवशी नव्या जिल्ह्याचे नवे साहेब दवाखाना बघायला येणार होते, म्हणून मी कडक खळ दिलेली फिक्या गुलाबी रंगाची साडी नेसले होते आणि कानात आदल्या दिवशीच्या एका लग्नातल्या हिनाचा फाया. साहेब आलेच नाहीत. आला तो एका खेड्यातला माणूस, सायकलवर. म्हैस व्याली होती, वगार जगली होती, पण मागून पडायला हवी ती जार, म्हणजे वार, पडली नव्हती. म्हैस चाऱ्याला तोंड लावत नव्हती.

मी सायकलच्या कॅरिअरवर बसले. वाटेत मेलेली जनावरं नाल्यात टाकलेली दिसत होती; पाऊस नव्हता, कडबा नव्हता, ओढून लांब नेणारंही आता कुणी नव्हतं. पेडल मारता मारता तो म्हणाला, "बाई, आडनाव काय म्हणलात?"

सांगितलं. तो सीटवर बोटभर पुढं सरकून बसला.

गोठ्याच्या अलीकडेच वास आडवा आला. नाकात नाही, थेट घशात. म्हशीच्या मागं हिरवट काळी जार लोंबत होती, तिच्यावर माश्यांचं मोहोळ, आणि तिच्या टोकाला सुतळीनं बांधलेली टायरची जुनी चप्पल. वजनानं जार ओढली जाते आणि जनावराला चप्पल बांधली की नजरही लागत नाही, अशी दुहेरी सोय.

"ही कुणी बांधली?" मी शहरी आवाजात विचारलं.

"म्या बांधली," सायकलवाल्याची आई म्हणाली. "हलकी पडली जरा. मालकाची आसती तर पडली आसती."

तिच्या कडेवर तान्ही नात किरकिरत होती. सुनेचं दूध आटलं होतं. म्हैस विते कधी याची वाट बघत पोर शेजारच्या उसन्या दुधावर होती, आणि दुष्काळात शेजारी तरी किती देणार? म्हातारी एवढंच म्हणाली, "बाई, म्हैस गेली तर ही बी जाती."

मी काय केलं? नाकाला रुमाल बांधला, कानातला फाया त्यात खोचला, आणि त्या चपलेची इतकी किळस आली की कात्री काढून चप्पल जारेसकट कापून टाकली! धरून ओढायला बाहेर जे होतं तेच गेलं. उरलेली सगळी आत. कुणाही जुन्या डॉक्टरनं मला तिथंच शेणात बसवलं असतं.

दवाखान्यातला लांब रबरी हातमोजा उन्हानं तडकलेला होता. उघडा हात खांद्यापर्यंत घातला. जार आत बटणांनी लावल्यासारखी चिकटलेली असते, एकेक बटण बोटानं सोडवावं लागतं. आत कढत, बुळबुळीत, आणि म्हैस मधूनच जोर करून सगळा रस्सा माझ्या गुलाबी साडीवर टाकायची. रुमालातून हिना आणि म्हैस मिळून आत येत होते. मी मध्येच बाजूला जाऊन ओकले.

म्हातारी म्हणाली, "पोटुशी हायेस का काय गं माय?"

"न्हाई मावशी, डॉक्टर हाय," मी म्हणाले आणि परत हात घातला.

शेवटी जार आली. बादलीत पडताना जो आवाज झाला तो मी लिहीत नाही. आत गोळ्या ठेवल्या, सुई दिली, औषध सुरू आहे तोवर दूध कुणाला पाजू नका म्हणून बजावलं. मग हात धुवायला पाणी मागितलं.

टँकर येऊन गेलेला. घरात एक घागर. म्हातारीनं तांब्या भरून आणला आणि इतक्या उंचावरून ओतला की निम्मं पाणी वाऱ्यावर गेलं. माझं डोकं तापलं. समतेवरचं भाषण ओठावर आलं होतं. तेवढ्यात माझाच वास मला आला. म्हटलं, या बाईला मी तरी जवळून पाणी घातलं असतं का? भाषण गिळलं. केवढा समजूतदारपणा!

औषध संपल्यावर पुन्हा गेले. म्हैस रवंथ करत होती. शेपटी उचलून वाकून वास घेतला, या खेपेला रुमाल नव्हता. शेणाचा आणि म्हशीचा वास, बाकी काही नाही. "चालू करा दूध," म्हटलं. म्हातारीनं तिथंच धार काढली, दूध तापवून निववलं आणि बोंडल्यानं नातीच्या तोंडाला लावलं. पोर गटागटा प्यायली. मला रडू आलं, तेव्हा ते फार लवकर यायचं.

मग पुन्हा हात धुवायला बसले. आज अंगाला साबणाचा वास होता. तांब्या त्याच उंचीवर.

"मावशी," मी म्हणाले, "आज तर मला वास येत न्हाई. काहून येवढ्या वरून वतून राहिल्या? साडी भिजून राहिली."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग दूध पिऊन निजलेल्या नातीकडं. तांब्या खाली आला. वीतभर.

त्या वीतभराचं मला इतकं कौतुक वाटलं, की परत जाताना कॅरिअरवर बसून मी गाणं गुणगुणत होते. आता ते गाणं आणि तांब्याची उरलेली उंची आठवली, की हिनाची बाटली कुणी नाकाशी उघडावी तसं होतं.