उजेडाला धरलेला फोटो

गोडादऱ्यात माझ्या शेजारी राहणारे नाना लूमच्या कारखान्यात कापडाचे ताके तपासतात. तुटलेला एक धागाही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. सवयच अशी, की बायकोने नवा टॉवेल आणला काय किंवा मी लग्नपत्रिका दिली काय, नाना ती वस्तू आधी उजेडाला धरणार, अंगठा फिरवणार आणि मगच बोलणार.

त्यांचा मुलगा एजंटाच्या नादाने चोरवाटेने अमेरिकेत गेला आणि पकडला गेला. तो खरंच इथला आहे का, हे विचारायला सरकारने घरी पोलीस पाठवला.

"काका, आ तमारो छोकरो?" त्याने फोटो पुढे करत गुजरातीत विचारलं.

नानांनी फोटो उजेडाला धरला. भुवईवरच्या व्रणावर त्यांचा अंगठा थांबला.

"नही. मी वळखत नही."

ओळख दिली नाही तर त्याला परत पाठवता येत नाही, असं एजंटाने बजावलं होतं. पोलिसाने मला विचारलं. त्या पोराला सायकल मी शिकवली होती, तरी मीही नाहीच म्हणालो.

पुढे कळलं, की ओळख पटेपर्यंत तो तिथेच कोठडीत राहणार. नाना चौकीत धावले. "रिपोर्ट वर गेला," एवढंच उत्तर मिळालं.

पूर्वी गल्लीत पोलीस दिसला की नाना दार लोटून घ्यायचे. आता कुणाचीही मोटारसायकल थांबली की मुलाचा शाळेचा दाखला घेऊन ते ओट्यावर येतात. परवा कुरिअरवाला आला होता. त्याने तोंड उघडायच्या आतच नाना दाखला पुढे करत म्हणाले, "हो साहेब, मनाच पोऱ्या शे."