शेवटच्या नळाचे पाणी

अकरा मार्च, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. बुलढाण्याच्या कार्यालयात मी मागच्या प्रशिक्षण तुकडीचा ‘प्रेरणा अहवाल’ भरत होते, तेव्हा बीबी गावाजवळच्या एका खेड्यातून फोन आला. सुमनबाई पहाटे गेल्या... त्यांच्या सुनेने एवढेच सांगितले. समोरच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे माझ्याच अक्षरात शेरा होता: प्रेरणा कमी, दहापैकी तीन.

जानेवारीत बीबीला गावोगावच्या बायकांसाठी पाणी तपासणीचे प्रशिक्षण झाले; मी त्यात सहायक प्रशिक्षक होते. गावातून जिला सर्वाधिक गुण, तिच्याच हाती तपासणीचा सरकारी संच. पुण्याहून आलेल्या मुख्य प्रशिक्षकांनी पहिले दीड तास प्रौढशिक्षणाची तत्त्वे पडद्यावर दाखवली. प्रौढ माणूस स्वतःचा अनुभव घेऊन येतो, शिकण्याचे कारण त्याच्या आत असते, त्याला मानाने वागवावे... तत्त्वे खरी होती, म्हणूनच पुढचे आठवले की किळस येते. लगेच साठीच्या बायकांना फुगे फुगवायला लावले, तालावर टाळ्या वाजवायला लावल्या. जी हसली ती ‘प्रेरित’. सुमनबाई न फुगवलेला फुगा मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी क्लोरीनचे प्रात्यक्षिक होते. नळीतल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळे होते. ते काही होईना. सरांनी निष्कर्ष काढला, इथल्या पाण्यात क्लोरीनच नाही. सुमनबाई उठल्या. त्यांचे यजमान हयातभर ग्रामपंचायतीचे पाणी सोडत आणि हीच चाचणी करत.

“सर, बाटली कालपासून खिडकीत हाय. उन्हानं औषध मेलं. दुसरी आणा, मंग पाहा.”

“आजी, शंका शेवटी,” सर म्हणाले आणि त्यांनी पुढचे चित्र लावले.

मी रसायनशास्त्रात पदव्युत्तर आहे. उजेडाने ते द्रावण बिघडते हे मला माहीत होते. मी गप्प राहिले, कारण जिल्हा प्रशिक्षकाच्या पदासाठी माझी शिफारस तेच करणार होते. जेवणाच्या सुट्टीत सुमनबाई शेजारी येऊन बसल्या.

“मॅडम, तुमाले ठावं होतं ना?” मी ताटात पाहत राहिले. “हाव, नोकरी हाय तुमची,” त्याच म्हणाल्या. टोमणा असता तर मला सोपे गेले असते.

संच कशासाठी हवा, ते त्यांनी तेव्हाच सांगितले. त्यांची गल्ली पाइपाच्या टोकाला. गावचे पाणी तपासतात ते टाकीखाली, आणि अहवाल जातो ‘सुरक्षित’. “टाकीवर पिवळं येते, आमच्याकडं येऊस्तर पांढरं. मी सांगतलं त कोणी मानत नाही. सरकारी डब्यातून निघालं का मानतीन.”

मूल्यमापनाच्या कागदावर पाण्याबद्दल एक रकाना होता आणि खेळांतील सहभागाबद्दल चार. मी बेरीज केली, सही केली. त्यांच्या गावचा संच सरपंचांच्या भावजयीला मिळाला. तिने फुगा सर्वांत मोठा फुगवला होता.

शिफारस झाली, पद मिळाले. त्या फोननंतर तीन आठवड्यांनी मी सुमनबाईंच्या घरी गेले. सुनेने फळीवरून पत्र्याचा डबा काढला. आत काळ्या फडक्यात गुंडाळलेली औषधाची बाटली, यजमानांची काचेची नळी आणि शाळेची वही. जानेवारीपासून दहा मार्चपर्यंत एकही दिवस सुटलेला नव्हता. टाळ्या नाहीत, मानधन नाही, प्रमाणपत्रही नाही. रोज क्लोरीनचे दोन आकडे, एक टाकीखालचा, एक गल्लीतला... मी त्यांना दिलेल्या तीन गुणांचा आकडा त्या वहीशेजारी ठेवून पाहिला आणि माझ्या साऱ्या अहवालांची मला लाज वाटली.

सरपंचांच्या घरून मी संच मागून आणला. वेष्टनही फोडलेले नव्हते. ते फोडले, गल्लीच्या शेवटच्या नळाखाली नळी धरली, थेंब टाकले. सून आणि शेजारच्या बायका वाकून पाहत होत्या. पाणी पांढरेच राहिले. संचासोबतच्या सरकारी नोंदपत्रावर गावाचे नाव लिहिले, तपासणाऱ्याच्या जागी माझी सही केली आणि दहा मार्चला सुमनबाईंनी वहीत गल्लीपुढे लिहिला होता तोच आकडा भरला: ०.०