गडग्याला खेटून लावलेला लिंब

माझा स्वभाव संशयी, लपवून काय उपयोग? निजामाच्या राज्यात कुंभार पिंपळगावात सून होऊन आले तेव्हापासून माझ्या नजरेतून काही सुटत नसे, आणि जे नसे तेही मला दिसत असे.

आम्ही कुंभार, आणि अंगणात झाड नाही. ओले माठ आधी सावलीत सुकवावे लागतात, उन्हाची झळ लागली की तडकतात. घरात जेमतेम पंधरा मावायचे. माठ खपायचे दिवस तर भर उन्हाळ्याचे. त्या दोन महिन्यांच्या माठांवर आमचे वर्षाचे जोंधळे यायचे.

झाड लावायचे ठरले. वड नको, घर गिळतो. पिंपळाची मुळे भिंतीत शिरली तरी त्याला कुऱ्हाड लावता येत नाही. चिंचेखाली बसायची मला भीती वाटे. शिंदी तर मुळीच नको, तिच्या रसाची दारू होते म्हणून आबकारीवाले येऊन बुंध्यावर नंबर टाकतील आणि सरकारचे पाय अंगणाला लागतील. राहिला कडुलिंब. पाण्यावाचून तग धरतो, उधई लागत नाही. लिंबावर घरात एकमत झाले, पण जागेवरून वाजले.

पूर्वेला आमच्या गडग्यापलीकडे एक म्हातारा पिंजारी अंगणात कापूस पिंजत एकटाच राहायचा. तोंडावर मी त्याला चाचा म्हणायची, मनात पिंजारी. आदल्या पावसाळ्यात मधला दगडी गडगा ढासळला, तो त्याने एकट्यानेच रचला. मला तो वीतभर आमच्या बाजूला आलेला दिसला. आमचे मालक म्हणाले, "गडगा बिलकुल सरकला न्हाई. तुझेच डोळे सरकलेत."

रोप लावायच्या दिवशी चाचा गडग्यावरून म्हणाला, "बेटी, लिंब तिकडं पश्चिमेला लाव. दुपारची सावली बराबर तुझ्या माठावर येईल."

न मागता दिलेली अक्कल! कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी ओळखलेच. याला आपल्या कापसात लिंबाचा मोहर पडायला नको, आणि गडगा आणखी सरकवायला जागा मोकळी हवी. हद्दीवर झाड असले की हद्द हलत नाही, हे मी माहेरी बापाकडून शिकले होते. मालक नको नको म्हणत असताना मी रोप गडग्याला खेटून लावले. चाचा मान हलवून आपल्या कापसाकडे वळला. त्याचे ते मान हलवणेही मला खटकले.

लिंब जोमाने वाढला. सहाव्या उन्हाळ्यात चांगला दाट झाला आणि दुपार झाली की त्याची सावली गडगा ओलांडून चाचाच्या अंगणात जाऊन पडू लागली. सकाळी ती आमच्याकडे असे, पण सकाळी कोणाला हवी? माझे माठ उन्हात तडकत आणि तो सावलीत बसून कापूस पिंजत असे. कापसात पडलेला मोहर तो निमूट वेचून काढी. मालक तडकलेले माठ फोडून पुन्हा माती भिजवत, ते मला जास्त लागले.

वैशाखातल्या एका दुपारी अंगणातले निम्मे माठ तडकले. मी कपाळाला हात लावून बसले होते, एवढ्यात दगडांचा आवाज आला. पाहते तर चाचा गडग्याचे दगड काढतोय! सहा वर्षे ज्याची धास्ती होती ते शेवटी घडले.

"चाचा, दगड खाली ठेवा! गडग्याला हात लावायचा न्हाई!" मी ओरडत धावले.

चाचाने घाम पुसला. "रस्ता करून राह्यलो, बेटी. माठ इकडं सावलीत आन. गल्लीतून फिरून आनशील तर वाटंतच फुटतेत."

पलीकडे त्याने लिंबाखालची जागा स्वच्छ झाडून ठेवली होती. कापसाचा ढीग भर उन्हात कोपऱ्यात सारला होता. मला लाज वाटली, फार लाज वाटली. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. काढलेले दगड कोणाच्या बाजूला रचलेत, ते मी आधी पाहून घेतले.

सगळे त्याच्याच बाजूला होते. मग मी पहिला माठ उचलला.