फोनवरचा कान

टिटवे,

तू लिहितेस, मी बरी आहे. गेली तीन वर्षं तू बरीच आहेस, त्यामुळे त्या शब्दावरचा माझा विश्वास उडाला आहे. फोनवर तू काही सांगत नाहीस आणि मी भांडते, म्हणून हे लिहायला बसले. पण तुला 'तू' म्हणून लिहायला लागले की चौथ्या ओळीला माझा उपदेश सुरू होतो. तेव्हा टिटवी नावाची कोणी एक मुलगी आहे, आणि मी तिची कोणी एक आत्या, असं धरून लिहिते. तू तुकड्यातुकड्यानं जे सांगितलंस तेच जोडलंय. चुकलं असेल तिथं रेघ मार.

तर ही टिटवी परदेशात एका दवाखान्यात लोकांचे कान तपासते. दुसऱ्या मजल्यावर तिची खोली, आणि त्या खोलीत आणखी एक खोली, मोठ्या कपाटाएवढी. दार वीतभर जाड, एक काच, आत एक खुर्ची. दार लावलं की बाहेरचा आवाज आत येत नाही. पेशंट आत बसतो, कानांवर हेडफोन, हातात बटण. टिटवी बाहेर यंत्राशी बसून बारीक बारीक आवाज सोडते. ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. त्यावरून कागदावर आलेख उमटतो, कोणता कान किती गेला त्याचा. दिवसाला नऊ-दहा माणसं होतात, बहुतेक सगळी म्हातारी.

या कामात ती एक गोष्ट चांगली शिकली. ज्याला ऐकू येत नाही तो ते कधी कबूल करत नाही. तो हसतो, मान डोलावतो, 'हो हो, अगदी खरं' म्हणतो. अशांना पकडायची टिटवीची रीत ठरलेली. हातातला कागद सहज तोंडापुढे धरायचा, म्हणजे ओठ दिसत नाहीत, आणि हो-नाही म्हणून सुटता येणार नाही असा प्रश्न टाकायचा. 'आज इथवर कशानं आलात?' त्यावर 'हो, छान' असं उत्तर आलं की निम्मी तपासणी तिथंच झाली.

पहिल्या वर्षी तिचीच फजिती झाली. शब्द वाचून दाखवायचे आणि पेशंटनं ते परत म्हणायचे, अशी एक चाचणी असते. एक निवृत्त बसड्रायव्हर पंधरा शब्द झाल्यावर काचेआडून म्हणाला, "बाई, माझे कान ठणठणीत आहेत. तुम्हीच जरा नीट बोला." तिथल्या मुख्य बाई चांगल्या. त्या हसल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तयार शब्दांचं रेकॉर्डिंग आणून दिलं. टिटवीही हसली. पण तेव्हापासून कुणी 'काय म्हणालात?' असं विचारलं की समोरच्याचा कान कमी की आपलं बोलणं वाकडं, हेच तिला कळेना. दुकानात तेच, घरमालकापुढं तेच. मग बोलणंच कमी झालं. लहानपणी या मुलीनं दोन मिनिटं गप्प बसावं म्हणून बाप तिला लिमलेटच्या गोळ्या द्यायचा.

राहायला एका फ्लॅटमधली खोली. दुसऱ्या खोलीत बेकरीत काम करणारी एक बाई, तिसऱ्याच देशातली. ती पहाटे जाते, टिटवी संध्याकाळी येते. दोघींचा संसार फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर चालतो. 'दूध संपलंय.' 'प्लंबर येऊन गेला.' तीन वर्षांत एकत्र जेवल्या असतील चार वेळा. खोलीच्या मधोमध कपडे वाळत घालायचा स्टँड, त्यामुळे पलंगापाशी जायचं तर अंग तिरकं करावं लागतं. कामावरून आली की टिटवी तिरकी होऊन पलंग गाठते आणि पायांतले बूटही न काढता काठावर बसून राहते. वीस मिनिटं, कधी अर्धा तास. खिडकीतून समोरच्या इमारतीतलं एक स्वयंपाकघर दिसतं. तिथला माणूस भांडी घासून पुसून मांडून ठेवतो, दिवा घालवतो, तरी ही बसलेलीच.

आत्यानं एकदा फोनवर विचारलं होतं, "दिवसभर खुर्चीत बसून असतेस, दमायला होतं कशानं?"

"ऐकून," टिटवी म्हणाली.

"मग मी रोज दमायला हवं. तुझ्या काकांचं ऐकून."

"तुम्ही कुठं ऐकता त्यांचं?"

पोरीत अजून धुगधुगी आहे म्हणून आत्याला बरं वाटलं.

गेल्या हिवाळ्यात मुख्य बाईंनी टिटवीला बोलावून सांगितलं, की करार संपत आलाय, आणखी तीन वर्षांची सही कर, नव्या शाखेची जबाबदारी देते. महिनाअखेर मला कळव. इकडे आपल्या गावातले कानाचे डॉक्टरही तिला घ्यायला तयार होते. म्हणजे दोन्ही दारं उघडी, आणि ही मध्ये उभी. नोकरीत काही खोट नव्हती, लोक वाईट नव्हते, परत जावं असं सांगता येण्यासारखं कारण नव्हतं. नुसतं थकायला झालं होतं, आणि थकलो म्हणून परत आलो असं चारचौघांत सांगायची तिला लाज वाटत होती. तिला एवढंच हवं होतं, की कुणीतरी 'ये' म्हणावं. कुणीतरी म्हणजे बापानं.

बाप छापखान्यात बत्तीस वर्षं मशीनवर होता. आधी डावा कान गेला, मग उजवा निम्मा. वहिनी, म्हणजे टिटवीची आई, होती तोवर हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण ती कायम त्याच्या उजव्या अंगाला बसायची आणि जो जे बोलेल ते भाजी निवडता निवडता पुन्हा म्हणायची. सगळ्यांना वाटे, बाईला बोललेलं परत बोलायची खोड आहे. ती गेली, आणि त्यानंतर तीन महिन्यांत घरातल्यांना कळलं की या माणसाला ऐकू येत नाही.

टिटवी दर रविवारी व्हिडिओ कॉल लावते. बाप फोन कानाला लावतो. त्यामुळे सबंध बोलणं होईस्तोवर पडद्यावर तिला नुसता कान दिसतो. पाळीखालचा तीळ, वाढलेले केस, कधी दाढीच्या साबणाचा राहिलेला फेस.

"बाबा, फोन समोर धरा. मला तुमचा कान दिसतोय."

"हो हो. आवाज अगदी खणखणीत येतोय."

महिनाअखेरच्या रविवारी तिनं कानालाच विचारलं. "बाबा, मी परत येऊ का? कायमची?"

कान जरा वेळ जागेवरच राहिला.

"बरं, बरं. छान."

ऐकू आलं नसेल तर ओरडू नये, तेच दुसऱ्या शब्दांत सांगावं, हे ती रोज पेशंटच्या घरच्यांना शिकवते. तसं तिनं केलं. "इथं आणखी तीन वर्षं राहा म्हणतायत. राहू, की घरी येऊ? तुम्ही सांगा."

"उत्तम. तब्येतीला जप. जेवलीस का?"

'मी आत्ता काय विचारलं, सांगा बघू.' हा प्रश्न अगदी जिभेवर आला होता. हजार माणसांना तिनं तो विचारला असेल. पण बापाला असं रंगेहाथ पकडायचं तिच्या जिवावर आलं. "जेवले," ती म्हणाली, आणि सोमवारी जाऊन सही केली.

संध्याकाळी तिनं आत्याला फोन लावला.

"आत्या, एक काम कराल?"

"सही केलीस का ते आधी सांग."

"केली."

"बापाला विचारलंस?"

"विचारलं. ऐकू आलं नाही त्यांना. तुम्ही त्यांना तपासायला घेऊन जा. आलेख काढून मला पाठवा, कानाचं मशीन मी इथून घेऊन पाठवते. उशीर नको, आत्या."

"पुढच्या आठवड्यात नेते," आत्या म्हणाली. मनापासून म्हणाली. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांची वेळ घेतली, आणि ठरल्या दिवशी भावाच्या दारात उभी राहिली.

भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसला होता, पायात चपला नव्हत्या. आत्या उजव्या बाजूला स्टूल ओढून बसली. "चल, ऊठ. उशीर होईल."

"ताई," तो म्हणाला, "तिनं त्या रविवारी काय विचारलं, ते मला ऐकू आलं होतं. दोन्ही वेळा."

"मग तोंडाला कुलूप का लावलंस?"

"ये म्हटलं असतं तर ती हातातलं सगळं सोडून आली असती."

"मग नको येऊ म्हणायचंस."

"ते तोंडातून निघेना." मग म्हणाला, "कानात यंत्र बसलं, आणि तीन वर्षांनी तिनं परत विचारलं, तर तेव्हा मी काय करू?"

न ऐकता ऐकल्यासारखं करणाऱ्यांना टिटवी झटकन ओळखते. ऐकून न ऐकल्यासारखं करणारा तिच्या त्या जाड दाराच्या खोलीत कधी आला नसावा.

आत्या सहसा कुणापुढं हार जात नाही. त्या दिवशी तिनं चहा केला, दोघांनी घेतला, आणि तिनं दवाखान्यात फोन करून आजची वेळ रद्द करा म्हणून सांगितलं. पुढच्या आठवड्यात येतो, असंही सांगितलं. त्याला आता पाच महिने झाले.

टिटवे, या पाच महिन्यांत तू मला तीनदा विचारलंस, आणि तिन्ही वेळा मी सांगितलं की डॉक्टर बाहेरगावी गेलेत. डॉक्टर कुठंही गेलेले नाहीत. मी त्याला अजून नेलेलं नाही.