पांढऱ्या लाइटची गॅरंटी

राजारामपुरीत गाड्यांना पांढरे झगझगीत हेडलाइट बसवून देणारा एक जण होता. काम झालं की तो गाडीपुढे नारळ फोडायचा आणि काढलेले जुने पिवळे बल्ब फडक्यात बांधून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा. "गाडीतच ऱ्हाऊ द्या, पावणं. फुल गॅरंटी हाय!"

शाहूवाडीकडून येताना ऐन तिन्हीसांजेला त्याच्याकडून बसवून घेतलेले माझ्या गाडीचे दोन्ही नवे लाइट गेले. फडकं सोडून जुने बल्ब लावले आणि कसाबसा घरी पोचलो. सकाळी जाऊन त्याच्यावर तुटून पडलो, "ही तुझी गॅरंटी?"

त्याने खोबरं चावत विचारलं, "जुनं बल्ब पेटलं न्हवं?"

"पेटले."

"मग? गॅरंटी त्येचीच दिलती की!"

आणि खोबऱ्याचा तुकडा पुढे केला. भांडायला गेलेला मी खोबरं खाऊन परत आलो.