चौदा नंबरची आंघोळ

आमचे मालक श्रीपती कुर्डुवाडीच्या इंजिन शेडात खलाशी होते. छोट्या गाडीच्या इंजिनांचे बॉयलर आतून धुवायचे, हे त्यांचं काम. माणूस सरळ, पण बोलण्यात महाकंजूष. मी भांडायला लागले की हे तंबाखू मळत बसायचे. चिडावं तरी कुणावर!

बहात्तरच्या दुष्काळात मी येडशीजवळ सासरी होते. दिवसभर खडी फोडायची आणि पहाटे ओढ्यात झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरायची. एका घागरीला दोन तास लागायचे. डोक्यावरून न्हाऊन महिना झाला होता. दर रविवारी घरी येणारे मालक त्या उन्हाळ्यात येईनासे झाले.

शेजारची पुतळाबाई म्हणाली, "बाय, रेल्वेच्या मानसाचा काय भरवसा? तिकडं दुसरी केली आसंल."

झालं! दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून घेतली आणि मी सकाळच्या गाडीत बसले.

शेडाच्या फाटकावर यांच्या जोडीचा बंडप्पा भेटला. "वहिनी, दादा आत हायेत. त्येंच्या लाडक्या चौदा नंबरची आज आंघोळ हाय."

आत धूर, तेलाचा वास आणि जीव घुसमटवणारी धग. दोन इंजिनं फुसफुसत होती, तिसरं, चौदा नंबरचं, थंड पडलं होतं. मालक त्याच्या पोटात रबरी नळीनं पाणी मारत होते. खालच्या भोकांतून तांबडं पाणी नुसतं धो धो वाहत होतं. माझ्या आठ दिवसांच्या घागरी माझ्या डोळ्यांदेखत गटारात गेल्या. मालक भोकात हात घालून आतली खपली काढत होते आणि गोंजारत होते, "झालं, झालं, एवढीच ऱ्हायली." इतकं गोड ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. मला मत्सर वाटला. लोखंडाचा मत्सर! सवत बाईमाणूस असती तर झिंज्या धरल्या असत्या. हिचं काय धरणार?

"रविवारी का येत न्हाय तुमी?" मी ओरडले.

मालक दचकले. "अगं, दुष्काळानं पानी लई जड झालंय. बॉयलरात क्षार बसतोय. सारखं धुवावं लागतंय. न्हाय धुतलं तर फुटतंय इंजन."

"आन म्या फुटले तर?"

सगळे खलाशी हातातलं काम सोडून बघायला लागले. मालकांनी नळी खाली ठेवली. नळावरून बादलीभर स्वच्छ पाणी आणलं आणि मला कोळशाच्या ढिगाआड दगडावर बसवलं. स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर पाणी घातलं. कपडे धुवायचा साबण लावला, कानामागचा मळ अंगठ्यानं चोळून काढला. आठ वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. मला रडू आलं, पण पाण्यात ते कुणाला दिसणार!

मग ते जरा मागं सरले. मला निरखून खुशीत म्हणाले, "आता कसं! आगदी चौदा नंबरावानी चमकायलीस."

याहून मोठं कौतुक त्यांना ठाऊकच नव्हतं, हे मला कळत होतं. बादलीत अजून अर्धं पाणी होतं. त्या वर्षी आमच्याकडं लोक भांडी राखेनं पुसून ठेवत होते. मी ती बादली उचलली आणि सगळीच्या सगळी मालकांच्या अंगावर ओतली.